तळघरातली ओली पोती

चार डॉक्टरांनी माझी छाती तपासली. नळी लावून ऐकलं, पाठ ठोकली, फोटो काढले, थुंकी मागितली. त्या चौघांपैकी एकानेही विचारलं नाही की बाई, तू दिवसभर बसतेस कुठे. हा एक प्रश्न पहिल्याच दिवशी कोणी विचारला असता तर माझं सव्वा वर्ष वाचलं असतं, आणि माझी लेक आठ महिने माझ्यापासून लांब राहिली नसती.

मी आता बरी आहे. जिना चढते, कपडे धुते, भांडतेसुद्धा. पण राग गेलेला नाही, आणि तो ओसरायच्या आत लिहून टाकायचं ठरवलंय. आमच्यासारख्या जुन्या क्वार्टरांत राहणाऱ्या कोणाच्या हाती हे पडलं, तर त्यांनी डॉक्टरकडे जाताना आधी एकदा घरातल्या भिंतीकडे बघून जावं, एवढंच.

आमची लाइन

आमचं घर इंदूरच्या एका कापड मिलच्या क्वार्टरांत. बारा घरं एकमेकांना चिकटून, भिंती सामाईक, पुढे रोड आणि मागे नाला. जमीन नाल्याकडे उतरती, म्हणून प्रत्येक घराखाली एक तळघर. पूर्वी त्यात लाकडं, कोळसा ठेवायचे. हवेसाठी रोडच्या अंगाला गजांची एक बुटकी खिडकी.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती खिडकी रोडच्या हातभर वर होती. मग रोड नवा झाला, म्हणजे जुना न खरवडता त्याच्यावरच नवा थर. पुढच्या निवडणुकीआधी आणखी एक थर. मग मिल बंद पडली, तिच्या मागच्या जागेवर कॉलनी उठली, कॉलनीत कार आल्या, आणि त्या कारसाठी सिमेंटचा रोड झाला, आधीच्याहून वीतभर उंच. देश वर चालला म्हणे. आमची खिडकी होती तिथेच राहिली आणि जमिनीत गेली. आता सगळ्या गल्लीचं पाणी तिच्यातून आमच्या तळघरात उतरायला लागलं.

अर्ज केले. नगर निगमवाले म्हणाले, क्वार्टर मिलचे, मिलला सांगा. मिलच्या गेटला कुलूप. आता कुलपाला जाऊन काय सांगायचं?

सूत कोरडं पडलं की

माझे यजमान, मधुकर, त्याच मिलच्या विणकाम खात्यात होते. त्यांचे वडीलही त्याच खात्यात, तीस वर्षं. मिल बंद झाल्यावर यांनी त्या नव्या कॉलनीच्याच गेटवर चौकीदारी धरली. ज्या जागेवर कापड विणलं, तिथेच आता येणाऱ्या-जाणाऱ्या कारला सलाम. पण विणकराचा हात स्वस्थ बसत नाही. यांनी ओळखीतून एक जुना हातमाग आणला, तळघरात बसवला आणि मला विणायला शिकवलं. टॉवेल, पंचे, असंच साधं. दोन महिन्यांत माझा हात बसला. हे ड्यूटीवर, सासूबाई वर स्वयंपाकात आणि मी खाली मागावर, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

आता ती चूक सांगते. ती फक्त विणकराच्याच घरात होऊ शकते. दुसऱ्या कोणाच्या तळघरात ओल आली तर तो कपाळाला हात लावतो. आमच्या यांना ती सोयीची वाटली. मिलमध्ये विणकाम खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवायचे, छतातून पाण्याचा फवारा सोडायचे, कारण सूत कोरडं पडलं की तुटतं. तर यांनी खिडकीची जी काही फट उरली होती तिच्यात चिंध्या कोंबल्या, म्हणजे दमटपणा बाहेर जायला नको. तीन भिंतींना पोती टांगली. रोज ड्यूटीवर जायच्या आधी बादल्या भरून ती पोती भिजवायची, फरशीवर पाणी शिंपडायचं, आणि वर येऊन म्हणायचं, "शोभा, खाली सगळं तयार करून ठेवलंय." सूत तुटून माझा खोळंबा होऊ नये, म्हणून एवढी खटपट. मला ते प्रेम वाटायचं, आणि ते प्रेमच होतं.

पोत्यांमागची भिंत आधी काळी झाली, मग हिरवट, मग तिला लव आली. पोतं हललं की बारीक भुकटी उडायची. मी विचारलं तर हे म्हणाले, "मिलमध्ये पण अशीच असायची. काही होत नाही." आंबूस वास यायचा. चार दिवसांत नाक मेलं, तोही कळेनासा झाला.

संध्याकाळचा ताप

आधी खोकला आला. मग संध्याकाळी मागावरून उठून वर आले की अंग कसकसायचं, ताप चढायचा आणि सकाळपर्यंत उतरायचा. सकाळी बरं वाटलं की मी पुन्हा खाली. मग दम लागायला लागला. तळघराच्या अकरा पायऱ्या. सहाव्या पायरीवर बसायचं, मग उरलेल्या चढायच्या. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. पहिल्या डॉक्टरने खोकल्याचं औषध दिलं. दुसरा म्हणाला, "कमजोरी है," आणि ताकदीची बाटली दिली. तिसऱ्याने छातीचा फोटो काढून आणायला लावला.

फोटो उजेडासमोर धरून त्याने विचारलं, "घर में किसी को टीबी थी?"

मी म्हटलं, सासऱ्यांना होता. झालं. त्यापुढे तो काही ऐकेचना. थुंकी तीनदा तपासली, तिन्ही वेळा साफ आली. "कभी-कभी नहीं आता," म्हणाला आणि परची लिहायला घेतली. "मिल एरिया में तो सबको यही है." म्हणजे पत्ता वाचला की रोग कळला, माणूस बघायची गरजच नाही. यांनी दबकत विचारलं, "पक्का है ना, डॉक्टर साहब?"

"भिया, डॉक्टर तुम हो या मैं?"

यांनी परची घडी करून खिशात घातली. चौकीदाराच्या वर्दीतला माणूस आणखी काय बोलणार.

फुलीचं ताट

घरी आल्यावर सासूबाई उठल्या. फळीवरून एक ताट काढलं, घासलं आणि माझ्यापुढे ठेवलं. त्या ताटाच्या काठावर एक फुली आहे, खिळ्याने कोरलेली.

ती फुली मीच कोरली होती. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणायचो. मिलच्या दवाखान्यात त्यांना टीबी सांगितला, तेव्हा त्यांचं ताट घरातल्या ताटांत मिसळू नये म्हणून मी खिळा आणि दगड घेऊन बसले होते. दोन वर्षं बाबा मागच्या ओट्यावर, नाल्याकडे तोंड करून एकटे जेवले. मी वरूनच भाजी वाढायची, डाव ताटाला लागू नये अशी. एकदा सणाच्या दिवशी म्हणाले, "शोभा, आज पंक्तीत बसू का गं?" मी म्हटलं, "बाबा, वैशू लहान आहे." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. खोकत खोकतच गेले.

आता त्याच ओट्यावर मी. वैशू, म्हणजे वैशाली, आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला माझ्या नणंदेकडे गौतमपुऱ्याला धाडायचं ठरलं. मला बसस्टँडवर जाऊ दिलं नाही. मी तोंडाला पदर लावून खिडकीतून तिची पाठ बघितली, हातात पिशवी, दुसऱ्या हाताला बाप. तिने वळून बघितलं नाही. वळू नको, आई रडेल, असं तिला सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

सासूबाईंवर चिडावं तर कसं? मी लेकीला जपलं होतं, त्या नातीला जपत होत्या. आणि सगळ्यांपासून लांब राहायचं म्हणून मी काय केलं, तर जास्त वेळ तळघरात बसायला लागले. दुपारची पडायचेसुद्धा खालीच, त्या पोत्यांच्या शेजारी चटई टाकून. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

गौतमपुऱ्याचे अकरा दिवस

चार महिने गोळ्या झाल्या होत्या. दिवाळीत हट्ट करून लेकीला भेटायला गेले. नणंदेने मला गच्चीवरची खोली दिली, चारी बाजूंनी उघडी. चौथ्या दिवसापासून ताप नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोट असतो, दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे बारूद भरलेली सुकी फळं, फेकतात. आम्ही लांबच्या एका छतावरून बघत होतो. बारुदीचा धूर आमच्यापर्यंत यायला लागला तशी नणंद घाबरली, "वहिनी, खाली चला, तुम्हाला झेपणार नाही." मला साधी ढासही लागली नाही. वैशू मला बिलगून उभी होती. तिला कोणी बाजूला ओढलं नाही, आणि मीही ओढलं नाही.

सगळे म्हणाले, दवाई लागू पडली. मलाही तसंच वाटलं. घरी आले, मागावर बसले, आणि तिसऱ्या संध्याकाळी ताप हजर.

मी अडाणी असेन, पण इतकं मलाही दिसलं. डॉक्टरला जाऊन सांगितलं, तिथे बरी होते, इथे आले की पडते. तो म्हणाला, "गोलियाँ छोड़ी होंगी."

मी पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून त्याच्या टेबलावर मांडली, एकूण एक. त्याने बघितलंसुद्धा नाही. "तुम लोग ऐसे ही करते हो." हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. चौथा डॉक्टर मोठा होता, त्याच्याकडे बसायला गादीच्या खुर्च्या होत्या. त्यानेही तीच फाइल वाचली आणि जास्त जालीम गोळ्या लिहून दिल्या, वर इंजेक्शनं. मी तीही घेतली. आणि वाचणाऱ्याला हात जोडून सांगते, टीबीची दवाई आपल्या मनाने सोडू नका. ज्यांना खरोखर टीबी असतो त्यांचा जीव त्याच गोळ्यांवर तरतो. मी सोडली नव्हती. फक्त प्रश्न विचारायचं सोडू नका.

वॉर्ड

ऐन थंडीत एका सकाळी मला उताणं पडूनही श्वास पुरेना. हे मला रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे भरती झाले.

वॉर्डचं एक वेळापत्रक असतं. पहाटे झाडू, मग फिनाइल, मग थर्मामीटर, मग साहेबांचा राउंड. साहेब माझ्या पायाशी उभे राहून डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांना माझ्याबद्दल सांगायचे, माझ्याशी कोणी बोलायचं नाही. शेजारच्या खाटेवर खजरान्याची हमीदाबी होती, देवळाबाहेर फुलांचं दुकान लावणारी, दमेकरी. पहिल्याच सकाळी तिने आपल्या ग्लासातला अर्धा चहा प्यायला आणि उरलेला ग्लास माझ्यापुढे धरला. मी मागे सरकले. सांगितलं, मला टीबी आहे, माझी भांडी वेगळी असतात.

"पी ले, बेन," ती म्हणाली. "अपने दोनों के फेफड़े एक ही कबाड़ी के यहाँ जाने वाले हैं."

सहा महिन्यांत माझ्याशी कोणी असं वागलं नव्हतं. मी तो चहा प्यायले आणि तोंड भिंतीकडे करून रडले. आता मागे बघते तेव्हा दिसतं की ती नको तितकी धीट होती, कारण तिला काय ठाऊक मला काय आहे ते. पण त्या वेळी मला दवाईपेक्षा तिची गरज होती.

सहा दिवसांत ताप उतरला, खोकला कमी झाला. दवाई तीच होती. साहेबांनी फाइलवर "सुधार" लिहिलं. सातव्या दिवशी एक डॉक्टरीणबाई आल्या, वयाने लहान, चष्मा नाकावर घसरलेला. फाइल मिटून खाटेवर ठेवली आणि माझ्याजवळ टेकल्या.

"दिनभर बैठती कहाँ हो?"

"नीचे. तलघर में. कपड़ा बुनती हूँ."

"वहाँ हवा आती है?"

"नहीं, हम आने नहीं देते. सूत टूटता है ना."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "आने नहीं देते, मतलब?"

मग मी सगळं सांगितलं. पोती, बादली, चिंध्या, भिंतीवरची लव. गौतमपुराही सांगितलं. त्या मधे बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, त्या पोत्याचा एक तुकडा मागवून घ्या.

दुसऱ्या दिवशी हे वर्दीतच आले, प्लास्टिकच्या थैलीत तुकडा घेऊन. थैलीतून पाणी ठिबकत होतं. डॉक्टरीणबाईंना आपलं काम नीट दिसावं म्हणून यांनी तो येताना भिजवून आणला होता. बाईंनी खिडकीशी जाऊन थैली उघडली आणि लगेच गाठ मारली.

"ये साल भर से सूँघ रही है? फफूंद है ये. इसी से फेफड़े सूजे हैं. मुझे ये टीबी नहीं लगती."

फफूंद म्हणजे बुरशी. लोणच्यावर येते ती. माझ्या छातीत ती बसली होती आणि चार शहाणे तिला गोळ्या घालत होते.

यांच्या तोंडचा रंग उडाला. हळूच म्हणाले, "मॅडम, मिल में भी ऐसी ही हवा रहती थी. पिताजी ने तीस साल उसी में काम किया."

"अच्छा. वो कैसे हैं अब?"

बाईंनी सहज विचारलं होतं. हे थैलीकडे बघत राहिले. मी खाटेच्या दांडीला धरून बसले. आमच्या दोघांच्या मनात एकच आलं, बाबांचा खोकला. निघायच्या दिवशी मी बाईंना एकटीला गाठून विचारलं, माझ्या सासऱ्यांना काय असेल? त्या म्हणाल्या, "अब कैसे बताऊँ? टीबी भी हो सकती है. उनसे किसी ने कुछ पूछा था?"

खिडकी

आणखी तपासण्या झाल्या, टीबीच्या गोळ्या बाईंनी स्वतः बंद केल्या, सूज उतरवायच्या दिल्या, आणि बजावलं की तळघरात पाऊल टाकायचं नाही.

मी यांच्यावर रागावले का? रागावले. आठ दिवस बोलले नाही. या माणसाने प्रेमाने मला विष घातलं, आणि मी रोज गोडीने घेतलं. पण आठव्या दिवशी बघते तर यांनी सुट्टी टाकली होती. पोती बाहेर नेऊन जाळली, माग सुटा करून वरच्या खोलीत आणला आणि सब्बल, म्हणजे पहार, घेऊन रोडवर जाऊन उभे राहिले. खिडकीपुढचं सिमेंट फोडायला लागले. आवाज ऐकून लाइनीतले सगळे बाहेर आले. त्यांच्याही खिडक्या गाडलेल्याच होत्या, आणि खोकला बाराही घरांत होता. थोड्या वेळात पाच-सहा सब्बली चालायला लागल्या.

पाणी घरात येतं म्हणून आम्ही पाच वर्षं अर्ज केले, एक माणूस फिरकला नाही. रोड फोडला तर दोन तासांत निगमची जीप आली.

"किसकी परमिशन से खोद रहे हो?"

मी दारात खुर्ची टाकून बसले होते. उठले, दम लागत होता तरी उठले. त्याला म्हटलं, "आधी खाली चला. पाच मिनटं बसा. मग परमिशन दाखवते." तो तीन पायऱ्या उतरला, नाकाला रुमाल लावला आणि परत वर आला. काही न लिहिता जीपमध्ये बसून गेला. रोड त्याने दुरुस्त केला नाही आणि खिडक्याही पुन्हा बुजवल्या नाहीत. आमच्यासाठी निगमने केलेलं हे सगळ्यात मोठं काम.

माग आता पुढच्या खोलीत आहे, झोपायला जागा उरलेली नाही. वैशाखात सूत सारखं तुटतं. मी गाठ मारते आणि धोटा पुन्हा फेकते. कापड कमी निघतं, ठीक आहे. वैशू होळीच्या आधी परत आली. पहिले दोन दिवस लांबच उभी राहायची, सवयच लागली होती तिला. तिसऱ्या दिवशी माझ्या पांघरुणात शिरली.

बाबांचं पान

त्या वर्षी पितृपक्षात बाबांच्या तिथीला सासूबाईंनी स्वयंपाक केला. खीर, वडे, अळूची भाजी. आदल्या दिवशी त्यांनी ते फुलीचं ताट भंगारवाल्यासाठी काढून ठेवलं होतं. मी ते परत आणलं.

बाबांचं पान मी घरातल्या सगळ्यात चांगल्या ताटात मांडलं, ओट्यावर नाही, पंक्तीच्या मधोमध. शेजारी माझ्यासाठी फुलीचं ताट ठेवलं. वैशूने काठावर बोट फिरवून विचारलं, "आई, ही फुली कोणी काढली?"

"मी काढली," मी म्हटलं. "आजोबांसाठी."

हे मान खाली घालून बसले. सासूबाई वाढता वाढता थांबल्या. पातेलं खाली ठेवून माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, ताट उचलतील. त्या खाली बसल्या, माझ्या ताटातला वडा अर्धा मोडला आणि तोंडात घातला. कितीतरी वेळ चावत राहिल्या. मग यांनी हात पुढे केला, आणि यांचं बघून वैशूने.

त्या ताटात आम्ही चौघं जेवलो. बाबांना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.